घराच्या कागदावर आपलं नाव

आपल्या सामुदायिक रेडिओवर आज आम्ही गटाच्या हिशोबाबद्दल बोलणार नाही. आज विषय आहे घराचा आणि जागेचा.

कोपरगावातून शिर्डीकडे जा, नाहीतर येवल्याकडे जा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पाट्या दिसतात. 'प्लॉट विकणे आहे', 'एनए प्लॉट', 'सुलभ हप्त्यांत घर'. १ ऑक्टोबर २०१७ ला आपल्याच तालुक्यातल्या काकडीला विमानतळ सुरू झालं. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग सुरू झाला, तो कोकमठाणजवळून जातो. तेव्हापासून बांधाबांधावर जागेच्या भावाच्या गप्पा चालतात. आपल्या गटांतही बदल दिसतोय. पूर्वी कर्ज मागायचं ते शेळीसाठी, पिठाच्या गिरणीसाठी, पोरांच्या फीसाठी. आता ताई म्हणतात, "दोन गुंठे जागा बघितलीय, विसार द्यायचाय."

म्हणून ग्रामसंघाच्या मागच्या बैठकीत आम्ही जमीन-घराचे व्यवहार करणाऱ्या एका स्थानिक एजंटभाऊंना बोलावलं होतं. बरीच वर्षं ते या धंद्यात आहेत. आम्ही त्यांना एकच सांगितलं, "भाऊ, गिऱ्हाइकाला सांगता ते नको. स्वतःच्या बहिणीला काय सांगाल ते सांगा." ते दोन तास बोलले. त्यांनी सांगितलेलं आणि गटांचं काम करताना आम्हाला दिसलेलं, असं दोन्ही आज तुमच्यासमोर ठेवतो. जवळ पेन असेल तर घ्या.

पहिली गोष्ट कागदांची. आपल्याकडे सगळ्या कागदांना मिळून 'उतारा' म्हणतात, पण प्रत्येक उतारा वेगळं सांगतो. सातबारा शेतजमिनीचा. त्यावर जमीन कोणाच्या नावावर, किती क्षेत्र, कोणतं पीक हे कळतं. सगळ्यात महत्त्वाचा रकाना 'इतर हक्क' हा आहे. सोसायटीचं कर्ज, बँकेचा बोजा, कुळाचं नाव, एखादा दावा, हे सगळं तिथं येतं. विकणारा सातबाऱ्यावरचं स्वतःचं नाव बोटानं दाखवतो. आपण बोट खाली सरकवून इतर हक्क वाचायचे. आठ-अ वर त्या खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र दिसते. आणि फेरफार म्हणजे ते नाव तिथं कसं आलं, त्याची गोष्ट. खरेदीनं आलं, वारसानं आलं, की वाटणीनं, ते फेरफार सांगतो.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीकडे नमुना ८ असतो. पण मैत्रिणींनो, नमुना ८ हा घरपट्टी आकारण्याचा कागद आहे. त्यावर नाव असणं चांगलंच, तरी एवढ्यानं मालकी पक्की होत नाही. गावठाणातल्या जागेचा पक्का कागद म्हणजे मिळकत पत्रिका, आपण जिला प्रॉपर्टी कार्ड म्हणतो. त्यासाठीच गावोगावी ड्रोनची मोजणी आली. आपल्या राज्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात तिची सुरुवात झाली आणि २४ एप्रिल २०२० ला देशभरासाठी स्वामित्व योजना जाहीर झाली. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन आपल्या घराचं कार्ड तयार आहे का, त्यावर नाव कुणाचं आणि क्षेत्र बरोबर आहे का, ते बघा. चुकीचं नाव आज दुरुस्त करायला एक अर्ज लागतो. तेच दहा वर्षांनी दुरुस्त करायला वकील लागतो.

सातबारा आता मोबाईलवर महाभूलेखच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपयांत निघतो. म्हणजे कागद बघायला आता कुणाच्या मिनतवाऱ्या करायला नकोत. बारावीतली पोरगी दहा मिनिटांत काढून देते.

दुसरी गोष्ट, गुंठ्यांची. एजंटभाऊ म्हणाले, "ताई, फसवणूक बहुतेक इथंच होते." शेतजमीन कितीही लहान तुकड्यात विकता येत नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये शासनानं आपल्यासह बहुतेक जिल्ह्यांसाठी कमीत कमी क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं ठरवलं. मग कुणी शेतातले दोन गुंठे शंभर-पाचशेच्या स्टँपवर लिहून देतो म्हणाला, तर ते काय आहे? नोटरीचा शिक्का असला तरी ते खरेदीखत होत नाही. त्यावरून सातबाऱ्याला तुमचं नाव लागत नाही, बँक कर्ज देत नाही, आणि उद्या मूळ मालकाचा मुलगा समोर उभा राहिला तर हातात फक्त तो स्टँप राहतो. जुने तुकडे नियमित करण्याबाबत शासन मधूनमधून निर्णय घेतं. पण तो निर्णय आपल्या जागेला लागू आहे का, हे तहसील कार्यालयात विचारून मगच पैसे काढा. 'पुढं नियमित होणार आहे' हे वाक्य ऐकून विसार देऊ नका.

शेतजमीन घेणार असाल तर घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो, हेही ध्यानात ठेवा. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' लिहिलेलं असेल तर विक्रीला शासनाची परवानगी लागते. आणि 'एनए आहे' असं नुसतं तोंडी चालत नाही. अकृषिक परवानगीचा आदेश आणि मंजूर रेखांकनाचा नकाशा मागा. त्या नकाशात आपला प्लॉट कोणत्या नंबरचा, रस्ता किती रुंद, मोकळी जागा कुठं, ते बघा. मोकळ्या जागेवरच प्लॉट पाडून विकलेले आम्ही पाहिलेत.

तिसरी गोष्ट, खुद्द एजंटची. भाऊ हसून म्हणाले, "आमच्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका." नवीन इमारत किंवा मोठा प्लॉटिंगचा प्रकल्प असेल तर त्याची महारेराकडे नोंदणी लागते. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी किंवा घरं आठपेक्षा जास्त, असा तो नियम आहे. अशा प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटलाही महारेराची नोंदणी लागते. प्रकल्पाचा नंबर पी या अक्षरानं सुरू होतो, एजंटचा ए या अक्षरानं. दोन्ही नंबर मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर टाकून बघा. गावातलं जुनं घर किंवा एखाद्याची शेती विकत घ्यायची असेल तर तिथं महारेरा येत नाही. तिथं आपली चौकशीच कामाला येते.

एजंटला तीन प्रश्न आधीच विचारायचे. कमिशन किती टक्के? ते आमच्याकडूनच की दोन्हीकडून? आणि ते कधी द्यायचं, विसाराच्या वेळी की खरेदी झाल्यावर? उत्तर वहीत लिहून घ्या. 'आज घेतलं नाही तर उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय' असं जो म्हणेल त्याला म्हणायचं, येऊ द्या. घाई विकणाऱ्याच्या सोयीची असते.

चौथी गोष्ट, जागा कशी बघायची. जागा बघायला उन्हाळ्यात जाऊ नका, निदान फक्त उन्हाळ्यात जाऊ नका. आपण गोदावरीच्या काठची माणसं. नाशिककडे धरणं भरली की नांदूर मध्यमेश्वरातून पाणी सुटतं आणि ते आपल्याकडे येतं. ऑगस्ट २०१९ चा पूर सगळ्यांना आठवत असेल. नदीकाठी पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधायला परवानगी मिळत नाही, म्हणून तिथली जागा स्वस्त दिसते. नगरपरिषदेत नाहीतर जलसंपदा विभागात विचारा. आणि शेजारच्या म्हाताऱ्या आजीलाही विचारा, "आजी, पाणी कुठवर आलं होतं?" ती भिंतीवर हात ठेवून दाखवते.

आणि माती बघा. आपल्याकडची खोल काळी माती ऊस पिकवते, पण घराला त्रास देते. पावसात ती फुगते, उन्हात आवळते, मे महिन्यात भेगांत हात जातो. पाया वरच्या वर घेतला तर दोन-तीन वर्षांत भिंतींना तडे जातात. म्हणून पाया मुरुमापर्यंत न्यायचा आणि जोत्याला चारी बाजूंनी बीम घ्यायचा. मिस्त्री म्हणेल, खर्च वाढतो. पण नंतर भिंत पाडून बांधायला त्याहून जास्त लागतो. घर पाहावं बांधून, असं म्हणतात ते उगाच नाही.

शिवाय पाणी. शहरात घर घ्यायचं तर नळाला किती दिवसांआड पाणी येतं आणि टाकी किती मोठी आहे, ते विचारा. गावाकडे बोअरला उन्हाळ्यात पाणी टिकतं का, ते विचारा. रस्ता सरकारी की कुणाच्या शेतातून? शेजाऱ्यानं बांध घातला तर गाडी येईल का? हे प्रश्न बायका जास्त चांगले विचारतात, कारण हंडा आपल्या डोक्यावर असतो. म्हणून जागा बघायला पुरुषांच्या गाडीत मागं तुम्हीही बसा.

पाचवी गोष्ट, पैसे आणि नोंदणी. आधी लिहिणं, मग देणं. विसार दिला की विसार पावती करायची. त्यात किंमत, दिलेली रक्कम, खरेदीची मुदत आणि व्यवहार मोडला तर विसार परत कसा मिळेल, हे लिहून घ्यायचं. पैसे बँकेतूनच द्या. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घ्यायला आयकर कायद्यानंच मनाई आहे. खरेदीआधी वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. साठेखत म्हणजे विकण्याचा करार. मालकी येते ती दुय्यम निबंधकासमोर नोंदवलेल्या खरेदीखतानं. ते झाल्यावर इंडेक्स टू घ्या आणि त्याच आठवड्यात फेरफाराकडे लक्ष द्या. फेरफाराची नोटीस निघाल्यापासून हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. नवा सातबारा हातात घेऊन त्यावर नाव वाचल्याशिवाय व्यवहार संपला म्हणायचं नाही.

आता सहावी गोष्ट, जी आमच्या मनात सगळ्यात वर आहे. नाव कुणाचं?

घर फक्त बाईच्या नावानं घेतलं तर आपल्या राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. १ एप्रिल २०२१ पासून ती आहे. ती राहत्या घरासाठी आहे, शेतीला किंवा मोकळ्या प्लॉटला नाही, आणि नवऱ्याचं नाव सोबत लावलं तर मिळत नाही. आधी अशी अट होती की ते घर १५ वर्षं पुरुषाला विकता येणार नाही. ती अट २०२३ मध्ये निघाली. वीस लाखांच्या घराला एक टक्का म्हणजे २० हजार रुपये वाचतात. सवलतीसाठी का होईना, नाव लागतंय तर लावून घ्या. पण मूळ कागद कुठल्या डब्यात आहेत हेही माहीत करून घ्या. नाव आपलं आणि कागद दिराच्या कपाटात, असं नको.

आधीपासून असलेल्या घराचं काय? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नवरा-बायको दोघांची नावं लावण्याचा शासन निर्णय २००३ पासून आहे. शेतजमिनीवर नवऱ्याच्या संमतीनं बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायचं परिपत्रक १९९२ चं आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचं काम गावोगावी केलं होतं, त्यानंतर ते आलं. जुन्या ताईंना आठवत असेल. आणि नवऱ्यानं राहतं घर किंवा शेती बायकोला बक्षीसपत्रानं दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार लागतो तेवढा. म्हणजे अडतं ते पैशावर नाही. बोलण्यावर अडतं. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं तो म्हणतो आणि आपण गप्प बसतो. विश्वास आहे, म्हणूनच नाव मागायचं.

नाव नसलं की काय होतं, ते आम्ही जवळून पाहिलंय. गटातल्या एका ताईचा नवरा अचानक गेला. पदरी दोन मुली. तेराव्यानंतर काही दिवसांनी दीर कागद घेऊन आले, म्हणाले, "वारस लावायचेत, उद्या कोपरगावला सहीला चल." तिनं तो कागद गटाच्या बैठकीत आणला. एका ताईच्या मुलीनं तो मोठ्यानं वाचला. ते हक्कसोडपत्र होतं. घर आणि दीड एकर शेतातला आपला आणि मुलींचा हिस्सा काहीही मोबदला न घेता कायमचा सोडते, असं लिहिलेलं. बैठकीत कुणी काही बोललं नाही. मग त्या ताई म्हणाल्या, "उद्या मी जात नाही." वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र लागतं, कुणी हक्क सोडावा लागत नाही. तिचं आणि दोन्ही मुलींचं नाव लागलं. दिरांनी कित्येक महिने बोलणं टाकलं होतं. दिवाळीला पोरी एकट्याच होत्या. ही किंमत तिनं मोजली, ते आम्ही लपवत नाही. पण आज ती त्याच घरात राहते आणि शेत वाट्यानं देते.

म्हणून वारसाबद्दल थोडं नीट ऐका. हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्याच्या मागे त्याच्या हिश्श्यात बायको, मुलगे, मुली आणि आई यांचा सारखा वाटा असतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानं मुलाइतका हक्क २००५ च्या दुरुस्तीनं मिळाला, आणि वडील त्याआधी गेले असले तरी तो हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. वडिलांनी स्वतः कमावलेलं मात्र ते मृत्युपत्रानं हव्या त्याला देऊ शकतात. मुस्लीम भगिनींसाठी वारशाचे नियम वेगळे आहेत, त्यांनी ते जाणकाराकडून समजून घ्यावेत. माहेरी हक्कसोड करायची की नाही, हा ज्या त्या बाईचा निर्णय. भावाचं प्रेम, माहेरची वाट, सगळं आम्हाला कळतं. आमचं म्हणणं एवढंच की कागद आधी घरी आणा, वाचून घ्या, मग ठरवा. नोंदवलेलं हक्कसोडपत्र तलाठ्याकडे हरकत घेऊन मोडत नाही, त्यासाठी दिवाणी दावा लावावा लागतो.

राज्यात २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम झाली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी. तुमच्या सातबाऱ्यावर अजून सासऱ्यांचंच नाव असेल तर ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या तलाठ्यांकडे, अर्ज द्या. रस्त्याला जमीन गेली की मोबदला उताऱ्यावरच्या नावाला मिळतो, हे समृद्धीच्या वेळी आपण सगळ्यांनी पाहिलं. आणि नाव नाही म्हणून कुणी घराबाहेर काढत असेल तर लक्षात ठेवा, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं सासरच्या राहत्या घरात राहायचा हक्क बाईला आहे, घर कुणाच्याही नावावर असो.

सातवी गोष्ट, असलेलं घर सांभाळायची. मृगाच्या आधी गच्ची झाडा, पन्हाळी मोकळ्या करा. भिंतीला तडा दिसला तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहा. दोन महिन्यांनी तडा खुणेपुढं गेला असेल तर जाणकाराला दाखवा, नुसता लांबी भरून रंग देऊ नका. जोत्याशी सांडपाणी मुरू देऊ नका, मोठं झाड भिंतीला चिकटून लावू नका. घरपट्टीच्या पावत्या, वीजबिलं, खरेदीखत, सगळं एका पिशवीत आणि त्यांचे फोटो मोबाईलमध्ये. पूर आला तर पहिली ती पिशवी उचलायची.

खोली भाड्यानं देत असाल, कारखान्यावरच्या माणसाला किंवा कॉलेजच्या मुलांना, तर भाडेकरार लेखी करून त्याची नोंदणी करा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यातही द्या.

आता गटानं काय करायचं? पुढच्या बैठकीला बचतीच्या पासबुकाबरोबर प्रत्येकीनं आपल्या घराचा एक कागद आणायचा, नमुना ८ किंवा सातबारा. वाचता येतं तिनं शेजारणीचा वाचायचा. वहीत तीन रकाने करा: घर कुणाच्या नावावर, बोजा आहे का, आपलं नाव आहे का. जिथं नाही तिथं अर्ज लिहायला आम्ही येऊ. सगळ्यांचे अर्ज एकत्र ग्रामसभेत द्यायचे, म्हणजे एकटीला संकोच नको. आणि जागेसाठी गटाचं कर्ज मागितलं की आधी गटानं कागद बघायचे.

वकिलाच्या फीला घाबरू नका. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. कोपरगावच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, किंवा १५१०० या नंबरवर फोन लावा. नंबर पुन्हा सांगतो, १५१००. दाराच्या मागं खडूनं लिहून ठेवा.

बैठकीत भेटू तेव्हा कागद विसरू नका. नमस्कार.